शोकेसमधला जावई

लग्न झाल्यावर मी बायकोला एका बंद पडलेल्या दुकानात नेऊन ठेवलं.

म्हणजे होतं ते घरच! देवळाली कॅम्पात कुणा गोऱ्या साहेबाने बांधलेलं. हातभर जाड दगडी भिंती, उतरतं कौलारू छप्पर, मागे राहायच्या दोन खोल्या आणि पुढे केक-बिस्किटांचं दुकान. दुकान कधीच गेलं, रस्त्याकडची भलीमोठी काचेची शोकेस तेवढी राहिली. मला ती फार इंग्रजी वाटे. सासऱ्यांना वाटली नाही. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात सिन्नरहून त्यांचा निरोप आला, "दुकानात नांदायला पोरगी दिली नाय. रविवारी येतो. घर पटलं नाय, तर सुमनला घेऊन जाईन."

मग काय! शनिवारभर जळमटं काढली, काच पुसली, रविवारी सकाळी फरशी धुतली. सुमनने शोकेसच्या वरच्या चौकटीला झेंडूची माळ बांधली, कुबट वास जावा म्हणून उदबत्त्या लावल्या आणि बाहेरून कडी घालून ती भाजीला गेली. माझ्या अंगात त्राण नव्हतं. पाठ टेकायला शोकेसची रुंद फळीच काय ती कोरडी (बाकी सगळं मीच ओलं केलेलं!). माशा फार, म्हणून पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि गाढ झोपलो.

माळ सुटून छातीवर पडली, ते मला कळलं नाही. रस्त्याला कळलं! पुढचं सगळं शेजारच्या शिंपीकाकांनी मला नंतर सांगितलं.

"अरेरे! काल तर दूध घेताना भेटले होते."

"काचेत ठेवलंय. मोठा माणूस असणार."

"मोठा कसला? क्लार्क आहे!"

तरीही लोकांनी चपला काढल्या. तेवढ्यात सासरे आले. त्यांनी गर्दी पाहिली, काच पाहिली, काचेमागचा जावई पाहिला.

"आरं देवा! जावईबापू!"

त्या टाहोने मी दचकून उठून बसलो. समोर सासरे दिसल्याबरोबर, सवयीने, हात जोडून नमस्कार केला!

गर्दी पांगली कसली, उधळली! सासरे मटकन खाली बसले. भाजीची पिशवी टाकून सुमन धावत आली, त्यांना आत नेऊन पाणी पाजलं.

"दादा, अहो ते नुसते झोपले होते!"

"झोपल्याला मानूस असा दिसतो व्हय?"

"हे असेच दिसतात," सुमन थकून म्हणाली.

सासऱ्यांनी पाणी संपवलं. मग उठले. भिंतींवर थापा मारल्या, वासे निरखले, दारं हलवून पाहिली. माझा जीव टांगणीला!

"घर लय भक्कम हाय, पोरी," अखेर माझ्याकडे बघत ते म्हणाले. "डागडुजी जावयाचीच करावी लागंल."