सेरुबिरीचे दोन दगड

लुवेरोच्या आमच्या टेकडीवर ट्रॅक्टरवर चढावं तर सेरुबिरीनेच. तोंड ट्रॅक्टरकडे, दोन हात, दोन पाय, त्यातले तीन सतत टेकलेले. उतरायचं तेही तसंच, पाठमोरं. मग गिअर टाकायचा, ब्रेक ओढायचा, नांगर खाली टेकवायचा आणि शेवटी चाकांना दोन दगड. बावीस वर्षांत यातलं काही चुकलं नाही. लोक म्हणत, "हा खाटेवरून उठला तरी खाटेला दगड लावेल!" हसोत बापडे. त्यांच्यातलेच दोघे उडी मारून उतरले आणि आता काठी टेकत चालतात.

पण सासूपुढे कुणाचं काय चालतं? आमच्यात सासू-जावई समोरासमोर आले की ओबुको लागतो, अंगाला कायमचा कंप सुटतो. त्या दिवशी सेरुबिरी सासूच्याच उतारावर नांगरत होता. ती जेवण घेऊन येताना दिसली मात्र, गड्याने इंजिन बंद केलं, सरळ उडी ठोकली आणि केळीत दडला. गिअर मोकळा, ब्रेक मोकळा, नांगर उचललेला. एवढं मोठं धूड एका ढेकळाच्या भरवशावर उभं!

सासू नालोंगोला वाटलं, जावई लांब गेला. मटोकेचं, म्हणजे वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचं, गाठोडं सीटवर ठेवायला म्हणून ती वर चढली. ढेकूळ फुटलं. ट्रॅक्टर हळूच दलदलीकडे निघाला आणि ती धपकन सीटवर बसली.

सेरुबिरी केळीतून बाहेर धावला. चालत्या ट्रॅक्टरवर चढायचं नाही, हा त्याचा नियम. सासूशी बोलायचं नाही, हा सगळ्यांचा. त्याने केळीचं पान तोंडासमोर धरलं आणि शेजारून धावत ट्रॅक्टरलाच ओरडून सांगू लागला.

"अरे ट्रॅक्टरा, तुझ्या उजवीकडचे दोन्ही ब्रेक एकदम दाब!"

"ट्रॅक्टरा, त्या पानाला सांग, पाय पुरत नाही!" वरून नालोंगो किंचाळली.

"मग पुढे सरक की, बाबा! दांडा धर आणि उभाच राहा ब्रेकवर!"

दलदल दहा पावलांवर असताना ट्रॅक्टर थांबला. सेरुबिरीने पान दातांत धरून दोन धोंडे चाकांपुढे ठोकले, मग हातब्रेक कुठे ओढायचा तेही ट्रॅक्टरलाच समजावलं. नालोंगो पाठमोरी, तीन टेकवत खाली आली, पण लटलट कापत होती.

जमलेल्या बायकांनी टाहो फोडला, "ओबुको! जावयाचा ओबुको लागला!"

"गप्प बसा गं," ती म्हणाली. "मी पाहिलं ते केळीचं पान. केळीचा कधी ओबुको लागतो?"

त्याच्या उडीबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. त्यामुळेच सेरुबिरीला जास्त लाज वाटली. बावीस वर्षांचं नाव आणि एक म्हातारी, दोन्ही त्याने त्या ढेकळावर सोडली होती.

संध्याकाळी बायको, नाकित्तो, माहेरून केळीच्या पानातलं गाठोडं घेऊन आली. त्याने ते सोडलं. आत दोन गुळगुळीत दगड, गरम, वाफाळते.

"आईने मटोकेबरोबर वाफवलेत," नाकित्तो म्हणाली. "आणि ट्रॅक्टरसाठी निरोप आहे. म्हणाली, ज्याला पळायचंय त्याने खुशाल पळावं, रीतच आहे. पण आधी हे लावून."