वाक्यं जोडणारे साडू

माझ्या साडूंसमोर दोन वाक्यं सुटी ठेवून कोणी सुखरूप निसटलंय, असं अख्ख्या बीड जिल्ह्यात अजून घडलेलं नाही. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला नेकनूरला, आणि रोज सकाळच्या एसटीने बीडला येऊन एका पत्र्याच्या खोलीत इंग्रजीची शिकवणी घेतात. साडू-साडूंनी एकमेकांशी चढाओढ करावी अशी जगाची रीत आहे. आमच्यात ती नाही, कारण चढाओढ करायची तर बोलावं लागतं, आणि मी बोललो की हे जोडायला बसतात. "तब्येत बरी आहे. जरा खोकला आहे," असं मी एकदा सहज म्हणालो. झालं! "ही दोन वाक्यं एकमेकांची कोण, साडूभाऊ? खोकला असून तब्येत बरी, का खोकला गेला म्हंजे बरी? नातं सांगितल्याबिगर मला कळावं कसं?" माझा खोकला तिथल्या तिथे थांबला. मी कोर्टात कारकून आहे, याचा मात्र त्यांना मनापासून अभिमान. एका निकालपत्रातलं दीड पान चालणारं एकच वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं, तर डोळे मिटून मान डोलवत म्हणाले, "वा! पूर्णविरामाची लई वाट बघायला लावली." पक्षकारालाही लावली होती, पण ते मी बोललो नाही.

त्यांच्या शिकवणीत फळ्याला काम कमी. दोन पोरं उभी करायची, दोघांना एकेक वाक्य द्यायचं, आणि दोघांच्या हातात मधोमध स्वतःची दस्ती धरायला लावायची. दस्ती म्हणजे खिशातला रुमाल. तो कधी 'बिकॉज' असतो, कधी 'ऑल्दो', तर कधी 'अनलेस'. ज्या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही, त्या वाक्याच्या पोराने एका पायावर उभं राहून शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यायचा. एकदा मी गेलो तेव्हा चार दांडगी पोरं एका पायावर होती आणि चौघांचा भार एका फळविक्याच्या चिमुरड्या लेकीवर आला होता. "सर, मी पडायले!" ती ओरडली. "पडायचं न्हाई!" साडू गरजले, "तू मुख्य वाक्य हायस!" आणि गंमत म्हणजे पोरगी खरंच पाय रोवून उभी राहिली. जे विद्यार्थी सगळी वाक्यं एकाच मापाची लिहितात, त्यांची रवानगी थेट नेकनूरच्या आठवडी बाजारात. "कान देऊन ऐका," साडू सांगतात, "वांगीवाला दोन शब्दांत ओरडतो, अन् घासाघीस करणारी बाई श्वास न घेता बोलती. दोघं हायेत म्हणून बाजार हाय. तुमच्या निबंधात निस्ते वांगीवाले भरलेत!" पोरं भाजी घेऊन परत येतात आणि, खोटं कशाला बोलू, इंग्रजी झकास लिहितात.

अशा माणसाच्या पोटी एकुलती एक लेक, वैष्णवी. ती नर्स झाली, बीडच्या एका दवाखान्यात लागली, आणि मागच्या वर्षी तिने इंग्लंडातल्या नोकरीसाठी अर्ज करायचं मनावर घेतलं. अर्जाबरोबर पानभर इंग्रजीत लिहायचं होतं: आपण कोण आणि इथे यायचंय ते का. घरात एवढा मोठा मास्तर, म्हणून पोरीने कागद बापापुढे ठेवला, आणि तिथेच ती फसली. पहिल्या दिवशी म्हणाले, सगळी वाक्यं 'मी'पासून सुरू झालीत. मग म्हणाले, जोडलीस खरी, पण जोड दिसतोय. आठव्या खेपेला एक वाक्य फार लांब निघालं, नवव्या खेपेला तेच फार आखूड. अकराव्या खेपेला काहीच सापडेना, तर म्हणाले, "लईच सरळ उतरलंय. परत लिही." महिना असाच गेला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी मेव्हणीचा मला फोन आला. "दाजी, या बरं लवकर. पाच वाजता ते फारम बंद व्हतंय, अन् ह्यांच्या हातातलं पेन काई सुटंना."

मी पोचलो तेव्हा साडू पलंगावर कागद पसरून बसले होते. मी चेष्टेने म्हणालो, "काय, निकालपत्र लिहिताय का?" ते हसले नाहीत. मेव्हणी पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. "कावून पोरीचा जीव घ्यायलाव तुमी? वाक्यं चांगली हायेत. तुमाला तिला धाडायची न्हाई, तसं बोला की सरळ!" साडूंनी पलंगावरचे कागद गोळा केले आणि पुन्हा तसेच पसरले. मला त्यांची फार दया आली, आणि इतके दिवस नुसतं हसत होतो याची लाजही वाटली.

मग वैष्णवी मोबाइल घेऊन त्यांच्यापुढे बसली. "पप्पा, मी माझंच लिहिलंय, तुमाला न दाखवता. वाचू?" ती वाचायला लागली. लहान लहान इंग्रजी वाक्यं होती, मलासुद्धा कळावीत अशी. मी नेकनूरची आहे. माझे वडील इंग्रजी शिकवतात. दुखणारं माणूस कमी बोलतं. मला ते ऐकता येतं. आणि शेवटी: मी जाऊ नये असं माझ्या वडिलांना वाटतं. मला यायचं आहे.

सवयीने साडूंचं पेन वर गेलं. वैष्णवीने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "ही दोन कशी जोडू, ते तुमीच सांगा."

साडूंनी पेनाला टोपण घातलं आणि म्हणाले, "जोडू नगं. तुज्या जाण्याला माजं दुखणं कशाला बांधती? हाय तसं पाठव."

पावणेपाचला अर्ज गेला, आणि हिवाळ्यात वैष्णवीही गेली. बीडच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीत तिला बसवायला आम्ही सगळे होतो. तिला काय काय सांगायचं याचा साडूंनी आठवडाभर सराव केला होता म्हणे, पण खिडकीशी उभं राहून ते नुसतं "जेवत जा" एवढंच तीनदा म्हणाले. गाडी हलली. मेव्हणी माझ्या बायकोबरोबर आमच्या घरी थांबणार होती, पण साडू म्हणाले, मी नेकनूरला जातो, दारं उघडीच टाकून आलोय. दारं त्यांनी कुलूप लावून दोनदा ओढून बघितली होती, हे मेव्हणीला ठाऊक होतं. त्या दिवशी मला खरं तर कोर्टात हजर व्हायचं होतं. मी त्यांच्याबरोबर नेकनूरच्या गाडीत चढलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.