चिपला लावलेली टिकली

ऑक्टोबर १९९८. रंगाऱ्याने भिंतीवरून काढून चार दिवस गॅलरीत उन्हात ठेवलेला बोर्ड मी परत लावायला घेतला, तर त्याच्या चिपवरची काळी टिकली गळून गेलेली.

हा तळहाताएवढा बोर्ड सुरतेत कतारगामच्या आमच्या चाळीत वरच्या खोलीत राहणाऱ्या खानदेशी मेकॅनिकने बनवला. पहाटे नळाला पाणी आलं की त्याची घंटी वाजते. करंट देण्याआधी तो देवळात शिरल्यासारखी चप्पल काढायचा, आणि लाल दिवा लागला की स्वतःशीच म्हणायचा, "बरोबर छे!"

बोर्ड बसवल्यावर त्याने माझ्याकडे टिकली मागितली होती.

"मोठी द्या ताई, काळी."

"लग्न ठरलं वाटतं?"

"हिचं ठरलंय." चिपवरच्या काचेच्या इवल्याशा खिडकीवर त्याने बोट ठेवलं. "शिकवलेलं सगळं हिच्या पोटात आहे. इथून ऊन आत गेलं की विसरते. मग मलाच परत शिकवावं लागेल."

गेल्या वर्षी तो इच्छापोरच्या कारखान्यात लागला आणि खोली सोडून गेला. पत्ता मी विचारला नाही, त्यानेही दिला नाही. आता ही विसरली असेल तर शिकवणार कोण?

मी नवी टिकली लावली, चप्पल काढली आणि बटण दाबलं. दिवा लागला, पण घंटी वाजेल की नाही, ते पाणी आल्याशिवाय कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटी वाजली. नळाखाली हंडा सरकवताना माझ्याच तोंडून निघालं, "बरोबर छे!" पाणी भरून झाल्यावर मी पहिल्या टिकलीवर आणखी एक टिकली दाबून बसवली.