मेयरचा जागेपणा

आर्डिस नोव्होत्नीला खोटं बोलता येत नसे, आणि हा काही गुण नव्हे. नेब्रास्कातल्या आमच्या गावात कुणी बाळ दाखवायला आणलं, की ती त्याला नीट निरखायची आणि पुष्कळदा काहीच न बोलता निघून जायची. नगरसभेला ती एकटीच प्रेक्षक. विणकाम घेऊन बसायची आणि गावच्या साप्ताहिकात सभेची हकिकत लिहायची.

एकदा तिनं लिहिलं, मेयर डुएन हॉफस्टाड दर सभेत पहिल्यापासून शेवटपर्यंत झोपतात. मेयरनं अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. हरली तर तिचं राहतं घर जाणार होतं. मी नुसती तिची शेजारीण, पण तिच्यापेक्षा काळजी मीच करत होते. तिचा वकील मात्र निर्धास्त होता.

"बाई, तो पुढारी माणूस. तुम्ही लिहिलंत ते खोटं आहे, हे त्यानंच सिद्ध करायचंय. तुम्ही फक्त कमी बोला."

हे कुणाला सांगत होता, देव जाणे.

मेयरनं नगरसेवकांना साक्षीला आणलं. साहेब टक्क जागे होते, असं सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. मग सभेत चर्चा कशावर झाली, असं आर्डिसच्या वकिलानं विचारलं. एक म्हणाला गटारावर, दुसरा म्हणाला मोकाट कुत्र्यांवर, तिसरा खिडकीबाहेर बघू लागला. सगळी सभाच घोरत होती, हे न्यायाधीशांनाही कळून चुकलं. जागं माणूस काय ते एकच. मेयरच्या वकिलानं नाइलाजानं आर्डिसलाच बोलावलं.

"साहेब एकदाही जागे नव्हते? शपथेवर सांगा."

आर्डिस विचारात पडली. मला तिचा इतका राग आला, की वाटलं उठून तिचं तोंड दाबावं.

"एकदा होते," ती म्हणाली. "लिहिताना विसरले. चुकलंच माझं."

वकिलाचा चेहरा उजळला. "म्हणजे लिहिलेलं खोटं! कधी जागे होते?"

"नव्या पुलाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा. ठराव त्यांनीच मांडला. मत देताना दोन्ही हात वर केले होते."

पुलाच्या उद्घाटनाला हाच मेयर डोळे पुसत म्हणाला होता, की नाव गावानं प्रेमानं दिलं, मला पत्ताच नव्हता. निम्मं गाव रडलं होतं, त्यात मीही होते. आणि आता निवडणूक तोंडावर आलेली.

मेयर उठून उभा राहिला.

"महाराज, मी दावा मागे घेतो. बाईंनी लिहिलंय ते खरं आहे. मी झोपलेलोच असतो," तो म्हणाला. "त्या दिवशीसुद्धा झोपलो होतो."