दयाळाचं भांडण आणि भाऊसोंची वही

भाऊसो कांबळे चौदा वर्षं लोखंड ओतायच्या फौंड्रीत होते. २००१ साली ते कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर दिवसपाळीचे वॉचमन झाले. सकाळी दोन ट्रक आत गेले की दुपारपर्यंत कुणी फिरकत नसे.

कंपाउंडच्या भिंतीवर दयाळ पक्ष्याचा नर बसायचा. भिंत त्याची होती. शेजारच्या प्लॉटमधला दुसरा नर मार्च ते जून रोज ती बळकावायला यायचा. भाऊसोंनी शंभर पानी वही घेतली आणि लिहायला लागले : ‘६.४०. पावणा आला. मालकानं खर्रर्र केलं दोनदा. मग बारीक शीळ. पावणा गेला. मारामारी नाही.’

बायको शेवंताबाई म्हणायची, “माणसांची भांडणं कमी पडली व्हय?”

“ह्यांची लवकर मिटत्यात,” भाऊसो म्हणायचे.

२००५ च्या उन्हाळ्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या इरावती मॅडम पक्षी मोजत तिकडं आल्या. भाऊसोंनी वह्या दाखवल्या. मॅडम गेटवरच्या स्टुलावर बसून दोन तास वाचत होत्या.

“मामा, पहिल्या वर्षी बारीक शीळ प्रत्येक भांडणात आहे. यंदा एकदाही नाही.”

“न्हाईच की. चोच उघडतोय, आवाज न्हाई. खर्रर्र तेवढं ऱ्हायलंय.”

असं कुणी कुठं नोंदवलेलं नाही, मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्या टेपरेकॉर्डर घेऊन हजर झाल्या.

पावणा आला. मालकानं खर्रर्र केलं, छाती काढली, चोच उघडली.

“बघा. मुका,” भाऊसो म्हणाले.

मॅडमनी पक्ष्याकडं पाहिलं, मग भाऊसोंकडं.

“मामा, तो शीळ घालतोय.”

“आत्ता?”

“आत्ता. अजून घालतोय.”

चोच मिटेपर्यंत भाऊसो बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे माझं लिवलेलं खोटं.”

“खोटं कसं? तुम्हाला ऐकू आलं ते लिहिलंत. आधी कुठं कामाला होता?”

“फौंड्रीत.”

मॅडम त्यांना तपासायला घेऊन गेल्या. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फौंड्रीच्या दणदणाटानं अधू झालेले कान वयानं आणखी उतरलेत; बारीक आवाज गेले ते गेले, जाडे राहतील. “खर्रर्र ऱ्हाईल न्हवं?” भाऊसोंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “काय?”

त्या रात्री भाऊसो जेवले नाहीत. वह्या त्यांनी माळ्यावर टाकल्या. पुढच्या मार्चात शेवंताबाईनंच त्या खाली काढल्या आणि कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी थर्मास घेऊन ती गेटवर येऊन बसली. त्यांनी बघायचं, तिनं ऐकायचं.

“शीळ किती लांब हुती?”

“कपात चहा वतंस्तोवर.”

भाऊसोंनी तसंच लिहिलं. पुढं मॅडमना घड्याळ लावून शेवंताबाईचा चहा वीस वेळा मोजावा लागला.

२००८ साली मॅडमचा लेख छापून आला. खाली दोन नावं होती. निरीक्षण : भाऊसो कांबळे. श्रवण : शेवंताबाई कांबळे. मुक्या भांडणांच्या नोंदी मॅडम गाळणार होत्या, “ऐकू आलं तेच लिवलंय, खोटं न्हाई,” म्हणत भाऊसोंनी त्या ठेवायला लावल्या.