सावली वगळणारा कॅमेरा

माझ्या बॅटरीच्या दुकानात किस्से आपोआप साचतात. सौंसरात निवांत बसायला जागा कमी आणि माझ्याकडे स्टुलं जास्त, दुसरं कारण नाही. त्यातलेच हे विलास मास्तरचे. मीठमसाला माझा, बाकी सारं खरं.

विलास शाळेत विज्ञान शिकवतो. त्याचे बाबा पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. आई गेली अन् बाबांचं डोकं मागच्या काळात जाऊन बसलं. घरी कोणी नसलं की टिफिनची पिशवी घेऊन ड्युटीला निघायचे. एकदा भर उन्हात जामसांवलीच्या रस्त्यावर सापडले, अनवाणी. नवराबायको दोघंही नोकरीवर, त्यामुळे लोक म्हणाले, बाहेरून कडी लावत जा.

"बापाले कोंडू काय बे?" विलास म्हणाला.

त्यानं काडेपेटीएवढा कॅमेरा मागवला, स्वतः प्रोग्राम लिहिला आणि अंगणावर रोखला. काही हाललं की याच्या मोबाईलवर घंटा!

•

पहिल्याच दिवशी घंटा वाजली. मास्तर वर्ग सोडून घरी. बाबा खाटेवर घोरून राहिले होते. हालली होती अंगणातल्या शेवग्याची सावली. त्या दिवशी मास्तर इतक्या वेळा घरी धावला की हेडमास्तरांनी सरळ सांगितलं, शेवगा तोडा नाहीतर नोकरी सोडा.

शेवगा आईनं लावलेला. मास्तरनं प्रोग्राम बदलायला घेतला.

•

आमचा संत्रा-व्यापारी मित्र धनराज, त्याला प्रश्न पडला की कॅमेऱ्याला सावली कळणार कशी. मास्तरनं समजावलं. सावली पडली तर जमीन काळवंडते, पण तिचा रंग तोच राहतो. माणूस आला तर रंगच बदलतो. म्हणजे नुसतं काळवंडलं, तर सोडून द्यायचं.

धनराज म्हणाला, "मंग माह्या साळ्याले उभं करून पाह्य. दिवसभर घरात असते, पण कोणाच्या हिशेबात नसते."

•

शेवगा गप्प झाला. मग एका दुपारी बसस्टँडवरच्या चहावाल्याचा फोन आला. बाबा पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसून कंडक्टरशी भांडत होते, रोजच्या माणसाला तिकीट कसं मागता म्हणून.

घंटा वाजलीच नव्हती. मास्तरनं रेकॉर्डिंग पाहिलं. अंगण सिमेंटचं, बाबांच्या अंगावर डोक्यापासून राखाडी शाल. कॅमेऱ्यानं त्यांना सावली समजून सोडून दिलं होतं.

"म्या लिहिलेल्या प्रोग्रामनं माह्या बापाले माणसातून काढलं रे," मास्तर म्हणाला. धनराजही हसला नाही.

•

दुसऱ्या दिवशी धनराजनं संत्र्याच्या रंगाचे कुर्ते शिवून आणले. बाबा तयार होईनात, जिनिंगमधले लोक हसतील म्हणून. सुनेनं कसेबसे घातले. तेव्हापासून गल्लीत नवीन आलेल्या बाया फाटकाशी थांबून पाया पडू लागल्या. बाबा दोन्ही हातांनी आशीर्वाद देत आणि विचारत, "पांढुर्ण्याची गाडी गेली काय माय?"

•

मग एका संध्याकाळी मास्तर दुकानात आला तोच खुशीत. दिवसभरात एकदाही घंटा नाही. ना सावली, ना बाबा. "आता जमला प्रोग्राम," म्हणाला आणि सगळ्यांसाठी समोसे सांगितले. आम्ही खाल्ले, त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

तो घरी गेला, बायको यायच्या आधीच. बाबा अंगणात खुर्चीवरच होते, सकाळी निघताना बसवलं होतं तसेच. कुर्ता घातलेला, पिशवी मांडीवर, मान खाली. सकाळीच केव्हातरी गेले होते.

•

घाटावर अग्नी देऊन झाला. आम्ही टिनाच्या शेडखाली बसलो होतो. तेवढ्यात बाजूला काढून ठेवलेल्या मास्तरच्या शर्टाच्या खिशात घंटा वाजली.

तो ताडकन उठला. ओल्या धोतरावरच मोटारसायकलकडे पळाला, किक मारली. कोणी अडवलं नाही. मीच धावत जाऊन मागं बसलो.

"हळू चालव रे," मी म्हणालो.

"हळू काय! फाटकाच्या बाहेर गेले असतीन आतापर्यंत."