मावसाजींचा मुका टीव्ही

जगात जे जे बिघडतं, ते बिघडवणारा कोणीतरी एक माणूस असतो आणि त्याला शोधून आपल्या दारात उभं करता येतं, यावर माझ्या मावसाजींइतका विश्वास मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. देवावर त्यांची श्रद्धा बेताची. जिम्मेदारीवर मात्र पक्की. सारी उमर तहसील कचेरीत गेल्यामुळे तो शब्द त्यांच्या तोंडात पानासारखा कायम असायचा. शिंप्यानं एकदा सदऱ्याची एक बाही आखूड शिवली. मावसाजी भांडले नाहीत. तोच सदरा घालून ते दर बाजाराच्या दिवशी शिंप्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहायचे, काही न बोलता, आखूड बाहीचा हात जरा वर धरून. गिऱ्हाइकं विचारायला लागली तेव्हा शिंप्यानंच हात जोडले आणि नवा सदरा शिवून दिला. भाकर करपली तरी मावशीला त्यांनी कधी बोल लावला नाही. "तुहा कसूर नाई," म्हणायचे, "ज्यानं तवा इकला त्याची जिम्मेदारी हाय."

मावशीशी त्यांचं लांबलचक बोलणं म्हणजे एवढंच. आमचं गाव आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, तलमडुगुकडचं. आदिलाबादला कॉलेज करायचं म्हणून मी शहराला लागूनच असलेल्या मावल्याला मावशीकडे राहिलो होतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. हे मी कुठंही सांगतो, म्हणून इथंही सांगतो. पण त्यात मावशीच्या घराचाही वाटा आहे, कारण त्या घरात अभ्यास फार छान व्हायचा. आवाजच नव्हता ना! मूलबाळ नव्हतं. कचेरीत मावसाजी भिंती हादरतील असं बोलायचे म्हणे, पण घरी आले की 'वाढ', 'येतो' आणि 'कडी लाव' एवढ्यावर संसार चालायचा. माणूस वाईट नव्हता. बायकोशी काय बोलावं हेच त्याला कधी सुचलं नव्हतं. मावशी बिचारी चुलीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, आणि मी वही मिटली की माझ्याशी.

अशा घरात ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला टीव्ही आला. काळापांढरा, लाकडी खोक्याचा, आणि पहिल्या दिवसापासून मुका. चित्र असं स्वच्छ की निवेदिकेच्या कानातले खडे दिसावेत, पण आवाज नाही. दुकानदार धावत आला. "साब, पीछे का ढक्कन खोल के देख लेते हैं, दो मिनिट का काम." मावसाजी टीव्हीच्या मागं जाऊन उभे राहिले. झाकणाच्या सांध्यावर कंपनीनं चिकटवलेलं कागदाचं सील होतं. ते फाटलं की कंपनी हात झटकणार, हे त्यांनी ओळखलं होतं. "हात लावायचा नाई," ते म्हणाले. "बिमार पडला असता तं तुमचा इलाज चालला असता. हा पैदाच मुका झाला. ज्यानं पैदा केला, त्यानं इथं यावं, मुआयना करावा आन् आपली गलती कबूल करावी." दुकानदारानं हैदराबादला पाठवू म्हटलं, तेही नाही. गलती कंपनीची, मग प्रवास टीव्हीनं काऊन करायचा?

तेव्हापासून मावल्याहून हैदराबादच्या बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला मावसाजींचा निरोप न्यावा लागायचा. कोणी दवाखान्यात चाललेला असो की लग्नाला, मावसाजी खिडकीशी जाऊन सांगायचे, "कंपनीत जाऊन बोला, मावल्याचा टीव्ही वाट पाहून राह्यला." आणि सीलला धक्का लागू नये म्हणून टीव्हीच्या मागची धूळ ते स्वतः पुसायचे, कोंबडीच्या पिसानं.

टीव्ही मुका, तरी रोज संध्याकाळी लागायचा. हैदराबादचे कार्यक्रम तेलुगूत, मावशीला तेलुगू येत नाही. आवाज असता तरी तिला काय कळणार होतं? पहिल्या दिवशी तिनं सहज विचारलं, "काय म्हनून राह्यला तो मिशीवाला?" मावसाजी तेलुगू जाणणारे, पण ओठांवरून त्यांना तरी काय कळणार! विचारलंय तर जवाब दिला पाहिजे, म्हणून ते खाकरून म्हणाले, "तो म्हनते, बाई, ऊन लय हाय. तू घरी जा, कापूस मी येचतो." मावशी हसली. ते हसणं मावसाजींनी पाहिलं, आणि तिथून जो धबधबा सुरू झाला तो थांबेना. नायकाला ते बोलतं करायचे, नायिकेला बोलतं करायचे, बैलालासुद्धा. बातम्यांत मंत्री दिसला की तो तलमडुगुच्या रस्त्याचं कबूल करून जायचा. गल्लीतल्या बायका घरचा बोलका टीव्ही सोडून आमच्या ओसरीवर यायला लागल्या. "भाऊजी, त्या पोरीचं लगन लावा हो आज," म्हणून आधीच सांगून ठेवायच्या. त्यातला एक सिनेमा पुढं मी आदिलाबादच्या टॉकीजमध्ये आवाजासकट पाहिला. मावसाजींनी ज्याला शेतकी अधिकारी केलं होतं, तो चक्क डाकू निघाला. मावसाजींची गोष्ट जास्त बरी होती.

आणि एका दुपारी, मावसाजी कचेरीत असताना, कंपनीचा माणूस खरंच दारात आला. हातात हत्यारांची पिशवी, अंगावर बसची धूळ. त्याची तेलुगू-हिंदी मावशीला कळेना, तिची मराठी त्याला; मधे मी. मावशीनं त्याला चहा दिला, पिठलं-भाकर वाढली, आणि मला म्हणाली, "त्याले सांग, आमच्या टीव्हीले काई झालं नाई. जा म्हना."

"मावशी!"

"सांग म्हटलं ना."

मी सांगितलं. तो गोंधळून निघून गेला. मावशी दाराला टेकून उभी राहिली. "लगन झाल्यापासून हा मानूस माह्याशी इतकं बोलला नव्हता रे," ती म्हणाली. "तो डब्बा बोलाले लागला, तं हे पुन्ना गप होतीन." मी कोणाला काही बोललो नाही. संध्याकाळी मावसाजींनी नेहमीप्रमाणे बेइमान कंपनीचा उद्धार केला, आणि मावशी तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "हो ना, कसे लोक असतात बाई!"

बसच्या खिडकीतून निरोप जातच होते, म्हणून तोच माणूस पुन्हा आला, तो नेमका सुट्टीच्या दिवशी. मावसाजींनी त्याला दारातच धरलं. "अब आये?" तो वैतागून म्हणाला, "साब, मैं पहले भी आया था. अम्मा बोले, टीवी ठीक है."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मावसाजींनी माझ्याकडे पाहिलं. "तू होता?"

"होतो."

"असं बोलली ते?"

"हो."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी शेजारच्या चार जणांना बोलावलं आणि त्या माणसाला विचारलं, "गलती किसकी?"

"कंपनी की, साब. ऐसे और भी पीस निकले. मुफत में बना के देता हूँ."

"जोर से बोलो."

त्यानं जोरात सांगितलं. मावसाजींचा चेहरा उजळला. तो माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन टीव्हीच्या मागं वाकला, तशी मावसाजींनी सीलवर हात ठेवला. "रहने दो."

"साब?"

"कंपनीने जिम्मेदारी मान ली ना? बस. मामला दाखिल-दफ्तर." प्रकरण निकालात काढून कपाटात टाकताना कचेरीत बोलायचे तोच शब्द. तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला तेलुगूत एवढंच म्हटलं, "जेवून जा."

त्या संध्याकाळी बायका आल्या नव्हत्या. कोणाकडे तरी जागरण-गोंधळ होता. टीव्हीवर कुठलीशी बाई खांबाला टेकून रडत होती. मावसाजींचं तोंड मात्र त्या दिवशी उघडेना. घरात माझ्या पहिल्या दिवसांसारखी शांतता पसरली. मावशीनं थोडी वाट पाहिली. मग पडद्यावरची नजर न काढता, भीत भीतच म्हणाली, "बोला ना. काऊन रडून राह्यली ते?"

मावसाजींनी घसा साफ केला.

"मले काय माहीत?" ते म्हणाले. "तिच्या नवऱ्यानं कधी इचारलंच नसन."

मी पुस्तक उचललं आणि अंगणात जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं आतून मावसाजींचा आवाज आला, हळू, कचेरीतला नव्हे. आणि तेव्हा टीव्हीवर काय चाललं होतं, ते मला बाहेरून दिसत नव्हतं.